कोरफडीची मुदत

जत तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून माझी नोकरी झाली, त्यातली बहुतेक वर्षं पूर्व भागात गेली. उमदी-संखकडचा हा पट्टा कर्नाटकाच्या अंगाला आहे. चुलीपुढे कानडी आणि कचेरीत मराठी. उपकेंद्राच्या कपाटात मलमाची ट्यूब कधी असायची, कधी संपलेली असायची. कोरफड मात्र कधी संपली नाही. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली, फुटक्या घागरीत लावलेली, दृष्ट लागू नये म्हणून दारावर उलटी टांगलेली. दारावरची कोरफड मातीशिवाय, पाण्याशिवाय कितीतरी दिवस हिरवी राहते. दिवसा ती पानांवरची छिद्रं मिटून घेते आणि रात्री गारव्याला उघडते, त्यामुळे उन्हात तिचं पाणी फारसं उडत नाही. ज्या मुलखात मे महिन्यात माणसं टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, तिथे भर उन्हाळ्यात पाणी धरून ठेवणाऱ्या झाडावर लोकांचा विश्वास बसला तर नवल नाही.

ती एवढी बोकाळायला आणखी एक कारण होतं. मध्यंतरी कोरफडीच्या लागवडीचं वारं आलं होतं. रोपं आमच्याकडून घ्या, पान आम्हीच विकत घेऊ, असं सांगणारी माणसं गावोगाव फिरली. रोपं विकून झाली आणि पान न्यायला कोणी आलं नाही. शेतकऱ्यांनी वैतागून ती उपटून बांधावर फेकली, तर तिथेही ती जगली.

निवृत्तीनंतरही बायका विचारतात, “सिस्टर, कोरफड चांगली का वाईट?” माझ्यापुढे जे जे आलं ते आठवलं, की एक गोष्ट ठळकपणे दिसते. कोरफडीने थेट केलेला त्रास त्या मानाने कमी होता. कोरफड लावून वाट बघण्यात गेलेल्या वेळेने केलेला त्रास कितीतरी जास्त होता. पण दोन्ही सांगायला हवेत, आणि सुरुवात पान कापण्यापासून करायला हवी.

कोरफडीच्या पानात दोन वेगळी द्रव्यं असतात. हिरव्या सालीच्या लगेच खाली पिवळा चीक असतो आणि त्याच्या आत पारदर्शक गर. गर म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, शंभरात अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव भाग. उरलेल्यात बुळबुळीतपणा आणणाऱ्या शर्करा असतात. चीक कडूजहर. त्यात ॲलोइन नावाचं द्रव्य असतं. ते आतड्याला चाळवतं आणि नाजूक कातडीला झोंबतं. “कोरफड लावली अन्‌ तोंड भगभगलं” असं म्हणत येणाऱ्या मुलींना मी आधी विचारायची, पान कापल्यावर उभं करून ठेवलं होतं का? बहुतेकींनी पान तोडून, मधोमध चिरून, थेट गालावर घासलेलं असायचं.

आशाताईंच्या बैठकीत मी हे बोलून दाखवण्यापेक्षा करून दाखवायला लागले. बाहेरच्या बाजूचं जून, जाड पान बुंध्याशी कापायचं. कापलेलं टोक खाली करून ते पेल्यात दहा-पंधरा मिनिटं तिरकं उभं करायचं. आधी फिकट पिवळा थेंब येतो, मग धार लागते, पेल्याच्या तळाशी हळदीच्या पाण्यासारखं साचतं. उग्र वास येतो. तो चीक पांढऱ्या रुमालावर टाकून ठेवायचा. बैठक संपेस्तोवर डाग तपकिरी व्हायला लागायचा आणि पुढे कितीही घासला तरी निघायचा नाही. तो रुमाल हातोहात फिरला, की वेगळं व्याख्यान लागायचं नाही. मग पान धुवायचं, काटेरी कडा काढायच्या, साल जरा जाडच सोलायची, आणि निघालेली गराची वडी पुन्हा पाण्यातून काढायची. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून एक दिवस थांबायचं. खाज, लाली, पुरळ आलं तर ती आपल्यासाठी नाही. कांदा-लसणाचं वावडं असलेल्यांनी जास्त जपावं. डोळ्यांच्या आसपास लावू नये.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट सांगावी लागते. डाळिंब-द्राक्षांच्या बागेकडेचं पान आणू नका. फवारा वाऱ्यावर उडतो आणि बांधावरच्या कोरफडीवरही बसतो.

बांधावर कोरफडीसारखी दिसणारी दुसरी वनस्पती म्हणजे घायपात. गावात जन्म गेलेल्या बाईला फरक सांगावा लागत नाही. पण पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेल्या लेकी-सुना, फोनवर चित्र बघून पान शोधणारी पोरं हमखास फसतात. यात्रेसाठी आलेल्या एका मुलीने घायपाताचा रस दोन्ही हातांना चोळला होता. मनगटापासून कोपरापर्यंत लाल पुरळ आणि रात्रभर आग. घायपाताच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत रुततात. ओळख सोपी आहे. घायपाताचं पान टणक, टोकाला दाभणासारखा काटा, आणि मोडायला गेलं तर आतून वाख निघतो, दोर वळायचा तो. कोरफडीचं पान मोडलं की कटकन तुटतं आणि धागा येत नाही.

आता भाजण्याविषयी. चूल, स्टोव्ह, उकळतं दूध, गुऱ्हाळाची काहील, हे सगळं आमच्या भागात रोजचं. प्रशिक्षणात शिकवलं होतं की भाजलेला भाग वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. हे वाक्य मी जिथे सांगायची तिथे नळ नव्हता. म्हैसाळ योजनेचं पाणी तालुक्याच्या काही भागात आलं, पण पूर्वेकडची गावं त्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करत राहिली. विकतच्या पाण्याचं बॅरल कोपऱ्यात उभं असताना वीस मिनिटं पाणी ओता म्हटलं की बायका माझ्याकडे बघत राहायच्या. एका म्हातारीने तोंडावर सांगितलं, “बाई, पाणी ओतायला सांगताय, आन्‌ प्यायला काय?”

तिचं खोटं नव्हतं. म्हणून सांगण्याची पद्धत बदलली. भाजलेला हात बादलीत बुडवून ठेवा. बुडवता येत नसेल तर स्वच्छ फडकं पाण्यात पिळून ठेवा आणि कोमट झालं की बदला. नाहीतर तांब्याने ओता आणि खाली परात धरा. ते पाणी नंतर जनावरांना, झाडाला जातं. घटना होऊन तास-दोन तास झाले असले तरी हे करा, तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको. कातडी गार झाल्यावर नुसती लाल असेल, फोड नसेल, तर कोरफडीचा धुतलेला गर खुशाल लावा. फोड आला असेल तर फोडू नका आणि वर काहीही थापू नका. भाजलेला भाग पांढरट किंवा काळा पडला असेल, दुखतच नसेल, भाजलेलं लहान मूल असेल, किंवा चेहरा, हात, पाय, गुप्तांग, सांधा भाजला असेल, तर ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून लगेच दवाखाना.

माझी मुलगी औषधनिर्माणशास्त्र शिकत होती तेव्हा तिने या विषयावरचे कागद घरी आणले. २००७ साली थायलंडच्या संशोधकांनी भाजलेल्या जखमांवरचे चार अभ्यास एकत्र तपासले होते, मिळून ३७१ रुग्ण. कोरफड वापरलेल्यांच्या जखमा सरासरी जवळजवळ नऊ दिवस लवकर भरल्या होत्या. मी खूश झाले. मग तिने दुसरा कागद पुढे केला. १९९१ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर उघड्या ठेवून आतून भरू द्याव्या लागलेल्या जखमांवर कोरफडीचं जेल वापरलं होतं. नेहमीच्या मलमपट्टीने त्या सरासरी ५३ दिवसांत भरल्या, कोरफडीच्या जेलने ८३ दिवस लागले. अभ्यास लहानसाच होता, आणि थायलंडच्या संशोधकांनीही म्हटलं होतं की प्रत्येक अभ्यासात कोरफडीचं रूप वेगळं असल्यामुळे ठाम निष्कर्ष काढता येत नाही. मला मात्र दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर रोजचा अनुभव जुळल्यासारखा वाटला. वरवरच्या कातडीला ती मदत करते. खोल, उघड्या जखमेत तिचं काम नाही. सिझरच्या टाक्यांवर कोरफड लावू का, असं विचारणाऱ्या बाळंतिणीला मी तेव्हापासून स्पष्ट नाही म्हणायला लागले.

पोटात घ्यायची गोष्ट आणखी नाजूक. कोरफडीचा चीक आटवून, सुकवून काळे खडे करतात, त्याला काळा बोळ किंवा एळिया म्हणतात. मुरगळलेल्या पायावर त्याचा लेप घालतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आयुर्वेदातही तो आहे, पण तिथे तो मात्रा ठरवून, इतर द्रव्यांबरोबर, वैद्याच्या नजरेखाली देतात. घरी तो गुळाच्या खड्यात गुंडाळून अंदाजाने देतात, आणि बहुतेकदा कारण एकच असतं, पाळी लांबली.

एका नव्या सुनेला असाच दिला होता. पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब, ओठ कोरडे, उभं राहिलं की अंधारी. ती दिवसभर तशीच पडून होती, कारण “पोट साफ होतंय, आता पाळी येईल” असं घरात सगळ्यांना वाटत होतं. मीठ-साखरेचं पाणी सुरू करून गाडीची व्यवस्था केली. तपासणीत कळलं, पोरगी गरोदर होती आणि तिला मूल हवं होतं. सुदैवाने दोन्ही जीव वाचले. तेव्हापासून मी आशाताईंना सांगून ठेवलं होतं, की पाळी लांबल्याचं कुठल्याही घरात कानावर आलं की आधी गरोदरपण तपासायचं निश्चय किट घेऊन जायचं. लघवीचे दोन थेंब आणि पाच मिनिटं, तीही फुकटात. गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने कोरफड पोटात घेऊ नये, कोणत्याही रूपात, कोणी कितीही खात्री दिली तरी.

बाळाचं अंगावरचं दूध तोडायला स्तनाला कोरफडीचा चीक लावण्याची रीतही आमच्याकडे आहे. कडवटपणाने मूल तोंड फिरवतं, हे खरं. पण जे चाटलं जातं त्याने त्या जिवाला जुलाब होतात, आणि उन्हाळ्यात वर्षा-दीड वर्षाच्या मुलाला जुलाब म्हणजे चेष्टा नाही. पाजणं हळूहळू, एकेक वेळ कमी करत सोडवावं. खोकल्यासाठी तान्ह्या बाळाला भाजलेल्या कोरफडीचा रस मधातून चाटवतात, तेही बंद करायला सांगायची. कोरफडीचं कारण आहेच, शिवाय वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. मधातल्या जंतूंच्या विषाने एवढ्या लहान बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात.

पुढे बाटलीतला रस आला. साखरेवर, गुडघ्यांवर, वजनावर, सगळ्यावर एकच बाटली. मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेले एक आजोबा सकाळी अनशापोटी रस पिऊन शेळ्यांमागे जायचे आणि दहा वाजता घाम फुटून बसायचे. साखर उतरत होती. गोळीचं काम चालू, वर रस, आणि पोटात भाकरी नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचं वेगळंच. चिकाने जुलाब झाले की अंगातलं पोटॅशिअम आणखी उतरतं आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ साली कोरफडीच्या चिकाची रेचकं चिठ्ठीविना विकायला बंदी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सालीसकट अख्ख्या पानाचा अर्क ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातला आहे, तो उंदरांवरच्या प्रयोगांच्या आधारे. याने घाबरून दारातली कोरफड उपटायचं कारण नाही. सबंध पान मिक्सरला लावून रोज प्यायचं मात्र थांबवावं.

कातडीवर कोरफडीचा सगळ्यात चांगला उपयोग मी पाहिला तो बेदाण्याच्या शेडवर. फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षं पोटॅशिअम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून रॅकवर पसरतात. त्या खारट, क्षारीय पाण्यात बायकांचे हात दिवसभर असतात. संध्याकाळी तळहाताची कातडी सुरकुतलेली, बोटांच्या पेरांवर चिरा. हातमोजे देणारे मालक थोडे, आणि मोजे घातले तर घड हाताळायला उशीर होतो म्हणून काढून ठेवणाऱ्या बायका पुष्कळ. त्यांना मी सांगायची, आधी हात साध्या पाण्याने नीट धुवा, मग गर लावा, आणि तो ओला असतानाच वरून खोबरेल चोळा. नुसता गर वाळला की कातडी आणखी ताणते, कारण त्यातलं पाणी उडून जातं. तेल ते पाणी धरून ठेवतं. चीर उघडी पडून रक्त येत असेल तर तिथे गर नको. हा उपाय चालला, स्वस्त होता, आणि त्याला मुदत घालायची गरज नव्हती.

याउलट गाजर गवताचं. हे काँग्रेस गवत उपटणाऱ्या पुरुषांच्या पापण्या, मान, कोपराच्या खोबणी काळ्या, जाड होतात, खाज सुटते. उन्हाने झालं म्हणून कोरफड लावत राहतात. गवताशी संबंध तुटत नाही तोवर कोणत्याच लेपाने ते जात नाही. नायट्याचंही तसंच. बुरशीवर कोरफड फुकट जाते, आणि दुकानातून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब तो वरवर विझवून आतून पसरवते. लग्नाच्या हंगामात तर गोरं व्हायचं म्हणून अशी ट्यूब कोरफडीच्या जेलमध्ये कालवून लावणाऱ्या मुली मी पाहिल्या. चेहरा आठवडाभर उजळतो, मग लाल शिरा, लव आणि पुटकुळ्या. कोरफडीत कागदी लिंबू पिळून लावायचं आणि उन्हात कपडे वाळत घालायला जायचं, हेही तितकंच वाईट. लिंबाच्या रसावर ऊन पडलं की कातडीवर काळे डाग उठतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. बाजारातलं हिरवंगार जेल घेताना मागचं लेबल वाचावं. गर मुळात बिनरंगाचा असतो, हिरवा रंग आणि सुवास घातलेला असतो. घरचा गर हवा तर एका वेळेपुरता काढावा. त्यात टिकवणारं काही नसतं. लाइट गेलेल्या फ्रीजमध्ये पडून आंबट वास आलेला गर चेहऱ्याला लावण्यात शहाणपण नाही.

माझ्या कामाला वळण मिळालं ते एका शेतकऱ्याच्या पायामुळे. मधुमेह जुना, पायाला बधिरपणा. चप्पल चावून अंगठ्याला जखम झाली. घरी कोरफड भाजून, बांधून, रोज बदलली जात होती. मी महिन्याला त्यांची साखर तपासायची, तेव्हा ते पाय धोतराखाली ओढून घ्यायचे. वास यायला लागल्यावर सुनेने गुपचूप बोलावलं. मिरजेला नेलं, अंगठा काढावा लागला. परत आल्यावर मी विचारलं, मला का नाही दाखवलंत? ते म्हणाले (कोरफडीला ते लोळसरी म्हणत), “दवाखान्यात लोळसरीचं नाव काढलं की शिव्या बसत्यात. कशाला सांगायचं?”

दवाखान्यात घरगुती उपायाचं नाव निघालं की ओरडा बसतो, हे साऱ्या गावाला पाठ होतं. म्हणून लोक उपाय सोडत नव्हते, लपवत होते. आणि लपवलेल्या उपायाला शेवट नसतो. तो चालूच राहतो, कारण त्याचा हिशेब कोणी विचारत नाही.

तेव्हापासून मी ‘लावू नका’ म्हणणं जवळजवळ सोडलं. ‘काय लावलंय?’ हा पहिला प्रश्न झाला, आवाज न चढवता. दुसरा प्रश्न, ‘कधीपासून?’ आणि तिसरा, ‘कधीपर्यंत वाट बघणार?’ या तिसऱ्या प्रश्नाला सुरुवातीला कोणाकडेच उत्तर नसायचं. मग आम्ही मिळून वार ठरवायचो. उन्हाने भाजलेल्या कातडीला तीन दिवस. नुसत्या लाल चटक्याला दोन दिवस. पुरळाला चार दिवस, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. मधुमेह्याच्या पायाची जखम, तान्हं बाळ, गरोदर बाई, फोड आलेलं भाजणं, पसरणारी लाली, यांना एकही दिवस नाही. घरातल्या शाळकरी पोराला कॅलेंडरवर खूण करायला सांगायची. पोरं हे काम चोख करतात आणि आजीला आठवणही करून देतात.

याने चमत्कार झाला नाही. पूर्व भागातून मोठं इस्पितळ लांब आहे, विजापूर जवळ पडतं पण पैसे दोन्हीकडे लागतात, आणि मजुरी बुडते ती वेगळी. कोरफड फुकट आहे, दारात आहे, रात्री दोनलाही हजर आहे. या तिन्ही गोष्टींपुढे आम्ही नुसता उपदेश घेऊन उभं राहिलो तर हरणारच. पण वार ठरवल्यावर माणसं त्या वारी यायला लागली. कोणी आपणहून म्हणायचं, “बाई, गुरुवार झाला, उतार न्हाई.” तेवढ्याने पुष्कळ काम सोपं व्हायचं.

म्हणून आता जी बाई विचारते तिला मी एवढंच सांगते. कोरफड लाव, चीक काढून लाव, कातडीवरच ठेव, आणि लावतानाच घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने सांग की कोणत्या वारापर्यंत उतार पडला नाही तर दवाखान्यात जायचं. मनातल्या मनात ठरवलेला वार पुढे ढकलता येतो, चारचौघांत सांगितलेला तितक्या सहज ढकलता येत नाही.